लांबलेला शब्द

कविता संपली होती आणि टाळ्या सुरू व्हायच्या होत्या. त्या दोहोंच्या मधे जेमतेम एका श्वासाएवढी जागा असते. त्या जागेत माझा आवाज पडला.

एकच शब्द म्हणाले मी. 'अजून.' तो काही माझा नव्हता. कवींनी नुकताच उच्चारलेला, त्यांच्याच कवितेतला शेवटचा शब्द. पण त्यांनी तो तोडून म्हटला होता, अडकित्त्यात सुपारी तुटावी तसा, आणि माझ्या तोंडून तो लांबत गेला. मी ठरवून बोलले नाही. तिसऱ्या रांगेत, मफलरीत हनुवटी खुपसून, डोळे मिटून बसले होते आणि आवाज बाहेर आल्यावरच मला कळलं की तो माझा आहे. कवींनी पुस्तकातून मान वर केली. चष्म्याच्या काचांवरून रांगांकडे पाहिलं. रागावले नव्हते. आवाज थांबल्यावरही माणूस थोडा वेळ ऐकत राहतो, तसे नुसते ऐकत होते. मग टाळ्या आल्या, त्यांनी पान उलटलं, आणि पुढची कविता सुरू झाली. ती कोणती होती, मला आठवत नाही.

या गोष्टीला तीन आठवडे झाले. शेजारी बसलेल्या काकूंनीसुद्धा मला नंतर काही विचारलं नाही. कदाचित त्यांना वाटलं असेल, ही दाद देते आहे. पण दाद वेगळी असते. दाद देताना माणूस ऐकणाऱ्याच्या बाजूला असतो. मी त्या क्षणी म्हणणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसले होते, कुणी बोलावलेलं नसताना.

जानेवारीचा शेवट होता. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका मराठी मंडळाच्या सभागृहात दोन दिवसांचा साहित्योत्सव. पन्नासएक खुर्च्या, पुढे सतरंजी, भिंतीला झेंडूच्या माळा, कोपऱ्यात पुस्तकांचं एक टेबल. दोन हीटर लावले होते, त्यांचा लाल उजेड पहिल्या रांगेतल्या आजोबांच्या पायमोज्यांवर पडत होता. आमच्याकडची थंडी ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको; सकाळी अकरापर्यंत धुकं हटत नाही आणि दुपारी चारला ते परत यायची तयारी करतं. कवी पंजाब मेलनं आले. गाडी तीन तास उशिरा आली तरी ते ठरल्या वेळेला व्यासपीठावर होते. ऐंशी ओलांडलेले. तपकिरी स्वेटर, त्यावर मंडळानं नुकतीच पांघरलेली शाल, आणि हातात स्वतःचा जुना संग्रह, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला. पानापानांत कागदाच्या पट्ट्या खुणेला लावलेल्या. नवी आवृत्ती बाहेर टेबलावर विक्रीला होती, पण ते वाचत होते ती प्रत त्यांची होती, आणि का कोण जाणे, मला ते फार आवडलं.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. महाराष्ट्रात ते घरोघरी माहीत आहे, आणि त्या संध्याकाळी ते जे बोलले ते त्या हीटरच्या उजेडात बसलेल्या पन्नास माणसांशी बोलले. ते तिथेच राहावं असं मला वाटतं.

त्यांच्या वाचनाबद्दल मी कितीतरी वर्षं मनात एक कल्पना बाळगली होती. भारदस्त आवाज, शब्दाशब्दाला वजन. प्रत्यक्षात आवाज बारीक, वयानं चिरलेला. जोडाक्षर आलं की थोडा अडखळायचा. आणि ते कविता म्हणत नव्हते, सांगत होते. घरी आलेल्या माणसाला वाटेतली हकिगत सांगावी, तितक्या साध्या सुरात. सुरुवातीला मी हिरमुसले, हे खरं. तिसऱ्या-चौथ्या कवितेला लक्षात आलं की आपण पुढे झुकून बसलोय. साध्या सुराची हीच ताकद असते, तो आपल्यापर्यंत येत नाही, आपल्याला त्याच्यापर्यंत जावं लागतं. मधेच बाहेरून बारात गेली. लग्नसराई सुरू झालेली, आणि आमच्या रस्त्यांवर बारात म्हणजे बॅंड, जनरेटरची गाडी, डोक्यावर दिवे घेतलेली पोरं, सगळं आलं. ढोलाचा दणका खिडकीच्या काचांत वाजायला लागला. मंडळाचे कार्यवाह उठून धावले, पण बाराती थांबवता येत नाहीत. कवी ओळीच्या मध्यावर थांबले. सहा-सात मिनिटं थांबले असतील. वैतागले नाहीत, घड्याळ पाहिलं नाही. डाव्या हाताची बोटं पुस्तकाच्या पाठीवर बाहेरच्या ढोलाबरोबर हलत होती. आवाज लांब गेल्यावर त्यांनी ओळ पहिल्यापासून नाही, जिथे सोडली होती तिथूनच उचलली. आम्हा सगळ्यांच्या कानात तिचा अर्धा भाग तोवर तसाच होता. बारातीत हरवला नव्हता.

आणि त्यानंतर त्यांनी ती कविता काढली.

ओळी मी देत नाही. त्या त्यांच्या आहेत. सांगते एवढंच की संध्याकाळ आहे, ओसरीवर एक बाई सूप घेऊन तांदूळ निवडत बसली आहे. उजेड कमी होतो आहे. मुलगा घरातून म्हणतो, दिवा लावू का. ती नको म्हणते. तो पुन्हा विचारतो. कवितेत फारसं काही घडत नाही. खडे एका बाजूला पडतात, तांदूळ दुसऱ्या, आणि उजेड जात राहतो. शेवटी ती म्हणते की उजेड आहे, आणि मग तो एक शब्द. माझ्या पिढीच्या महाराष्ट्रातल्या लोकांनी ही कविता शाळेत अभ्यासली असेल, प्रश्नोत्तरं लिहिली असतील, संदर्भासहित स्पष्टीकरण दिलं असेल. आम्हाला बालभारती नव्हती. माझ्या शाळेत मराठी हा विषयच नव्हता. मी निबंध हिंदीत लिहिले, प्रार्थना हिंदीत म्हटली, मैत्रिणींशी भांडले हिंदीत. मराठी कविता आमच्या घरात छापील पानावरून आलीच नाही. ती आईच्या तोंडून आली.

जनकगंजातलं आमचं घर जुनं, वर दगडी पटियांची गच्ची. उन्हाळ्यात ती संध्याकाळी सातपर्यंत तापलेली असायची, पाण्याचे दोन तांबे ओतले की दगडातून वाफ आणि एक वास यायचा. तो वास मला नंतर कुठल्याच घरात मिळाला नाही. आई तिथे धान्य घेऊन बसायची. गहू असेल, डाळ असेल, तांदूळ कमीच. आम्ही पोळी खाणारी माणसं. आणि निवडता निवडता कविता म्हणायची. गाणं नव्हे ते, आणि नुसतं बोलणंही नव्हे. दोहोंच्या मधे तिनं स्वतःची अशी एक पट्टी शोधली होती. कवितांची तिची वही होती, लांबट, लाल कापडी पाठीची, दुकानात उधारीसाठी ठेवतात तसली. दिवाळी अंक आमच्याकडे डाकेनं यायचे, ते दिवाळी सरल्यावर. एक अंक चार घरांत फिरायचा, परत द्यायची तारीख ठरलेली असायची, आणि त्याआधी आई हवं ते उतरवून घ्यायची. ही कविताही अशीच उतरवलेली. पण ती वही उघडून मी कधी वाचली नाही. गरज काय होती? मला सगळं कानानं पाठ होतं.

नव्वदच्या दशकातली वीजकटौती आमच्या वयाच्या प्रत्येकाला आठवत असेल. पेपरात वेळापत्रक छापून यायचं, आणि त्याशिवाय न छापलेली कटौती असायची ती वेगळी. लाइट गेली की गल्लीतून एकदम एक मोठा 'ओऽ' उठायचा. मग मेणबत्तीची शोधाशोध. मी नववी-दहावीत असेन, गच्चीच्या जिन्यावरून ओरडायचे, "आई, कंदील आणू का?" आणि वरून उत्तर यायचं ते कवितेतलंच. उजेड आहे, आणि मग तो शब्द. ती तो इतका लांबवायची की मी दोन पायऱ्या चढून जायचे तरी तो चालूच असायचा. त्यात काय काय होतं. थोडी गंमत, थोडा हट्ट, आणि तळाशी काहीतरी असं की मी तिसऱ्या पायरीवर थांबायचे. आज वाटतं, ती विनवणी होती. कुणाला, ते मला तेव्हा कळलं नाही. आताही कळलं आहे असं म्हणणार नाही.

आई गाणं शिकली होती. माधव संगीत महाविद्यालयात तिनं काही वर्षं काढली. भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली १९१८ साली सुरू झालेली ही संस्था म्हणजे लष्करातल्या मध्यमवर्गीय मराठी घरांतल्या मुलींना, मोठं घराणं पाठीशी नसताना, गाणं शिकायचा रस्ता होता. ग्वाल्हेर घराण्याचे गवई कृष्णराव शंकर पंडित यांना तिनं समोर बसून ऐकलं होतं. आमच्या ग्वाल्हेरच्या गायकीत बंदिशीचे बोल ऐकणाऱ्याला कळले पाहिजेत, असं ती सारखं म्हणायची. शब्द चिरडला की सूर कितीही खरा असो, तिला चालायचं नाही. मला तिनं शिकवायचा प्रयत्न केला. भातखंडे पद्धतीच्या वहीत ओळी कशा मांडायच्या ते दाखवलं. वर स्वर, त्याखाली बोल, अक्षर जिथे ताणायचं तिथे मात्रेमात्रेला अवग्रह (ऽ), सगळ्यात खाली तालाच्या खुणा, समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, फुली, 'खाली'च्या मात्रेला शून्य. मी मांडणी सुबक करायचे आणि गायचे वाईट. आठवीत गणिताच्या शिकवणीचं निमित्त सांगून मी सोडून दिलं. आईनं एकदाही बोलून दाखवलं नाही. पुढे लग्न, माझा जन्म, मग भाऊ, आजीचं आजारपण या सगळ्यात तिचंही गाणं मागे पडलेलंच होतं. माझ्यावर रागवायला तिच्याकडे वेळ तरी कुठे होता.

तिच्या ओठांवर कविता का राहिली आणि गाणं का गेलं, याचं उत्तर बहुधा असं की गाण्याला तंबोरा लागतो, दार लावून घ्यावं लागतं. कवितेला सूप पुरतं.

ग्वाल्हेरच्या मराठी माणसाला कवितेचं एक वेगळंच अप्रूप आहे, असं मला नेहमी वाटत आलं आहे. भा. रा. तांबे इथलेच. १९४१ साली ते गेले तेही इथेच, आणि त्यांच्या कित्येक कवितांखाली लष्कर-ग्वाल्हेर असं ठिकाण छापलेलं असतं. लहानपणी आजी ते पान उघडून त्या दोन शब्दांवर बोट ठेवायची. कविता पुढची गोष्ट. आपल्या गल्लीचं नाव पुस्तकात आहे, हे आधी. १९६१ साली इथे साहित्य संमेलन भरलं, कुसुमावती देशपांडे अध्यक्ष होत्या. त्याआधी या खुर्चीवर एकही स्त्री बसली नव्हती. आई तेव्हा पंधराची. तिला मामानं नेलं होतं. भाषणातलं तिला काही आठवत नसे. एक बाई वर बसल्या आहेत, आणि एवढे पागोटेवाले, टोपीवाले पुरुष खाली बसून ऐकताहेत, हे मात्र ती पुढे पन्नास वर्षं सांगत होती. लाल पाठीची वही तिनं त्याच वर्षी सुरू केली.

आणि तरीही आमची मराठी ही कायम परीक्षेला बसलेली मराठी. पुण्याचे नातेवाईक आले की म्हणतात, "इतकी वर्षं तिकडे राहून छान टिकवलीत हं." मी म्हणाले, चहा बनवते, की कुणीतरी हळूच 'करते' म्हणतं. बोलण्यात हेतू वाईट नसतो, मला माहीत आहे. पण दर वेळी माझ्या छातीत काहीतरी आक्रसतं. आम्ही टिकवली नाही हो, आम्ही ती बोलतो. ती आमच्याकडे हिंदीच्या शेजारी राहते, तिच्याकडून वाटीभर साखर आणते, कधी देते. श्योपूरला, तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानात, जन्मलेले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीचे केवढे मोठे कवी, आणि त्यांचे सख्खे धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीचे कवी. एका आईच्या हातची पोळी खाऊन एक भाऊ या भाषेत गेला, दुसरा त्या. त्या घरात संध्याकाळी कोणती भाषा चालत असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. या सगळ्यामुळे एक मात्र होतं. महाराष्ट्रातून कुणी मोठा लेखक आला की आम्ही जरा ताठ बसतो. शब्द जपून वापरतो. आणि त्या दिवशी मी नेमकं तेच विसरले.

वाचन संपल्यावर चहा होता. कागदी कपात आल्याचा चहा, कचोऱ्या, आणि संक्रांत होऊन गेलेली म्हणून एका ताटात गजक, तिळाची. कवी खुर्चीत बसून राहिले, लोक त्यांच्याभोवती. स्वाक्षऱ्या, फोटो, कुणाच्या नातीचं कविता म्हणून दाखवणं. मी गजकच्या ताटाशी होते. पाठमोरी. आणि मला स्पष्ट ऐकू आलं, त्यांनी विचारलं, "मघाशी 'अजून' कुणी म्हटलं?"

कुणीतरी म्हणालं, "सर, माफ करा, कुणी तरी मधेच…"

"नाही, नाही," ते म्हणाले. "मला विचारायचं होतं. आमची आई तो तोडून म्हणायची. रॉकेल वाचवायचं असायचं ना. तिच्या दृष्टीनं प्रश्न संपलेला असायचा. म्हणून मीही तोडतो."

मग थोडं थांबून, "पण हे लांबवणं कुठून आलं?"

मला वळायला हवं होतं. तीन पावलं होती. मला फक्त एवढं सांगायचं होतं की आमची आई लांबवायची. बस, इतकंच वाक्य. त्यांची आई आणि माझी आई, दोघी धान्य निवडणाऱ्या, दोघी उजेड पुरवून वापरणाऱ्या. त्या माणसाला ते ऐकायचं होतं, त्यानं स्वतः विचारलं होतं. आणि मी हातात गजकचा तुकडा धरून भिंतीवरच्या मंडळाच्या माजी अध्यक्षांच्या तसबिरी पाहत उभी राहिले. तीळ बोटांना चिकटत होते. पलीकडे विषय बदलला, कुणीतरी परतीच्या गाडीचं विचारलं.

का नाही वळले? लाज, हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं मला घरी येताना, स्कूटरवर, कंपू वस्तीच्या चढावर सापडलं. धुकं इतकं की किल्ला तर सोडाच, पुढच्या रिक्षाचा मागचा दिवासुद्धा विझल्यासारखा दिसत होता. मला भीती वाटली होती. ते म्हणतील, नाही, हा शब्द असा नाही, कवितेत तो तोडलेलाच आहे. आणि ते म्हणाले असते तर ते बरोबरच ठरलं असतं. कविता त्यांची, आई त्यांची. मग इतकी वर्षं जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मी जे ऐकत आले ते एक चुकीचं पाठांतर ठरलं असतं. दूरच्या गावी उशिरा पोचलेल्या अंकातून घाईनं उतरवलेलं, मूळ आवाज कधीच न ऐकलेल्या बाईनं आपल्या मनानं लावलेलं. हे मला त्यांच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून मी त्यांना माझ्या तोंडूनही काही ऐकू दिलं नाही.

आणि तरी त्यांचं वाचन माझ्या कानातून जात नाही, हेही खरंच आहे. तोडलेला तो शब्द. तो ऐकल्यापासून कवितेतली बाई मला वेगळी दिसते. आधी ती सावळी, हसरी, थोडी दमलेली, म्हणजे आईच. आता तिच्या जागी एक हडकुळी, घाईतली बाई येते, जिला भावनेसाठी वेळ नाही, जिचा हात सुपावरून थांबत नाही. मुलाकडे ती पाहतसुद्धा नाही. तो मुलगा मात्र तिच्याकडे ऐंशी वर्षं पाहत राहिला. कविता पहिल्यापेक्षा कोरडी झाली, आणि मला वाटतं, पहिल्यापेक्षा दुःखाची. कवीच्या तोंडून कविता ऐकली की ती उलगडते असं म्हणतात. माझी उलगडली नाही, तिच्या दोन झाल्या.

तीन दिवसांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप समूहावर कुणीतरी त्या वाचनाचा व्हिडिओ टाकला. खाली एक प्रतिक्रिया होती, शेवटी मधेच कोण बाई बोलल्या, रसभंग झाला. मी दार लावून तो व्हिडिओ पाहिला. चित्र हलत होतं, हीटरचा लाल डाग एका कोपऱ्यात, कवींचा आवाज लांबून येत होता. ते तो शब्द म्हणाले. आणि मग कॅमेऱ्याच्या मागून, अंधारातून आईचा आवाज आला.

मी फोन उलटा ठेवला. आईला जाऊन सहा वर्षं झाली. तिचा आवाज आमच्याकडे कुठेच नोंदवलेला नाही. एका लग्नाच्या कॅसेटमध्ये मंगलाष्टकांच्या गलबल्यात होता, ती कॅसेट बुरशीनं गेली. मला माझा आवाज ठाऊक आहे, तो असा नाही. शाळेत मुलांना ओरडून ओरडून बसलेला, जाडसर आहे. पण त्या एका शब्दात तो सैल झाला होता, आणि 'जू'वरून घसरताना त्याच्यात ती बारीक थरथर होती, गच्चीवरची. मी परत पाहिला. मग परत. किती वेळा ते लिहीत नाही.

गेल्या रविवारी ट्रंक काढली. वर पलंगपोस, त्याखाली आईची हिरवी शालू, तिच्या घड्यांत लवंगा, त्याखाली वही. लाल कापड कडांना पांढरं पडलं आहे. पहिल्या पानावर '१९६१' आणि तिचं माहेरचं नाव. ती कविता अर्ध्याच्या पुढे कुठेतरी होती, मी पानं उलटत गेले, वाटेत कितीतरी ओळखीच्या भेटल्या ज्यांची मला अक्षरं ठाऊक नव्हती, नुसता नाद ठाऊक होता. आपल्या ओळखीच्या माणसाची सही पहिल्यांदा पाहावी तसं वाटत होतं. मग ती सापडली. निळ्या शाईत, ओळी जिथे तोडायच्या तिथेच तोडलेल्या. चुकीचं काही उतरवलेलं नव्हतं. बाहेरच्या टेबलावरून मी विकत घेतलेल्या नव्या आवृत्तीशी मी ताडून पाहिली, विरामचिन्हांसकट तीच. शेवटच्या शब्दानंतर पूर्णविराम, कवींनी दिला तसाच, ठळक. तिनं तो पाहिला होता. तिला माहीत होतं तो शब्द कुठे तुटतो.

आणि त्याखाली, सोडलेल्या ओळीत, तोच शब्द पुन्हा लिहिला होता. पेन्सिलीनं, इतका फिका की मला वही खिडकीशी नेऊन तिरकी धरावी लागली. वरती स्वर नव्हते. सा नाही, रे नाही, चाल लावायचा विचार दिसत नव्हता. नुसती अक्षरं, मोकळी मोकळी मांडलेली. अ. जू. मग अवग्रह. 'न'च्या खाली समेची फुली. खोडरबरानं एकदा काहीतरी पुसून परत लिहिलं होतं, कागद तिथे खरबरीत झाला आहे.

मी टेबलावर बोटानं लय धरली आणि व्हिडिओ पुन्हा लावला. माझा शब्द दोन मात्रा टिकतो. वहीत अवग्रह तीन आहेत.